थायलंडमधील परदेशी व्यावसायिक आणि हिशेबाचा खर्च

परदेशात छोटा व्यवसाय सुरू करू पाहणारा माणूस बहुधा सर्वांत आधी त्या देशातील कराचे दर पाहतो, आणि थायलंडचे दर त्याला दिलासा देणारे वाटतात. ज्या कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल ५० लाख बातपेक्षा अधिक नाही आणि जिची वर्षाची एकूण मिळकत ३ कोटी बातच्या आत आहे, तिला पहिल्या ३ लाख बातच्या नफ्यावर आयकर लागत नाही. ३ लाखांपासून ३० लाखांपर्यंतच्या नफ्यावर १५ टक्के आणि त्यावरील नफ्यावर २० टक्के कर लागतो. वर्षाला ५ लाख बात नफा मिळवणाऱ्या खानावळीला या दराने ३० हजार बात कर पडतो. तरीही थायलंडमध्ये खानावळ, डायव्हिंगची शाळा, रत्नांचा लहान व्यापार किंवा संगणकसेवेचे कार्यालय चालवणाऱ्या परदेशी लोकांच्या जमाखर्चात कराच्या रकमेपेक्षा तो कर मोजण्याचा, नोंदवण्याचा आणि कळवण्याचा खर्च अनेकदा मोठा निघतो, आणि धंदा लहान असला म्हणून हा खर्च त्या प्रमाणात लहान होत नाही. त्याचे कारण करकायद्यात कमी आहे. परदेशी माणसाला व्यवसायासाठी जे कायदेशीर रूप घ्यावे लागते, त्यात ते अधिक आहे.

त्याच गल्लीत शेवयांचा गाडा किंवा छोटे भोजनालय चालवणाऱ्या थाई बाईची स्थिती पाहिली की हा फरक लक्षात येतो. ती स्वतःच्या नावावर धंदा करते, तिची मिळकत वैयक्तिक आयकराखाली येते, आणि अशा कित्येक धंद्यांमध्ये उत्पन्नाच्या ६० टक्के रक्कम खर्च म्हणून एकगठ्ठा वजा करण्याची मुभा कायदा देतो, त्यामुळे खर्चाची प्रत्येक पावती जपण्याची तिला गरज पडत नाही. सहामाहीचे एक आणि वर्षाचे एक अशी दोन आयकर विवरणपत्रे तिने भरली की आयकराचे काम संपते; तिचा ताळेबंद कोणी लेखापरीक्षक तपासत नाही. शेजारच्या परदेशी खानावळवाल्याला हा मार्ग व्यवहारात बंद आहे.

तो बंद करणारा कायदा म्हणजे १९९९ चा परदेशी व्यवसाय कायदा, जो १९७२ च्या एका फर्मानाच्या जागी आला. या कायद्याने परदेशी व्यक्ती आणि परदेशी कंपन्या यांना मनाई किंवा मर्यादा असलेल्या व्यवसायांच्या तीन याद्या केल्या आहेत. पहिल्या यादीत शेती, जमिनीची खरेदी-विक्री, वृत्तपत्रे यांसारखे व्यवसाय येतात, दुसरीत देशाची सुरक्षा, संस्कृती आणि नैसर्गिक संपत्ती यांच्याशी संबंधित व्यवसाय येतात, आणि छोट्या व्यावसायिकाचा संबंध बहुतेक वेळा तिसऱ्या यादीशी येतो, कारण परदेशी लोकांशी स्पर्धा करण्यास थाई नागरिक अद्याप सज्ज नाहीत असे मानलेले व्यवसाय तिच्यात आहेत: खाद्यपेयांची विक्री, ठरावीक भांडवलाखालचा किरकोळ व्यापार, पर्यटनसेवा, वकिली, वास्तुरचना आणि हिशेबाचे कामसुद्धा. यादीच्या शेवटी ‘इतर सेवा’ असा एक व्यापक वर्ग असल्यामुळे सल्लागारापासून छायाचित्रकारापर्यंत जवळपास प्रत्येक सेवाव्यवसाय त्यात सापडतो. ज्या कंपनीचे निम्मे किंवा त्याहून अधिक समभाग परदेशी हातात आहेत ती कंपनी परदेशी, अशी या कायद्याची व्याख्या असल्याने, विशेष परवाना मिळवू न शकणारा छोटा व्यावसायिक ५१ टक्के समभाग थाई भागधारकांकडे असलेली मर्यादित कंपनी काढतो आणि स्वतः ४९ टक्क्यांचा मालक व संचालक होतो. अमेरिकी नागरिकांना १९६६ च्या मैत्री कराराने यातून बरीच सूट दिली आहे. भारतीय नागरिकांसाठी तशी सोय नाही. गुंतवणूक मंडळाची मान्यता मिळाली तर संपूर्ण परदेशी मालकी शक्य होते, पण ते मंडळ उत्पादन, तंत्रज्ञान आणि तशाच काही निवडक क्षेत्रांकडे पाहते. मसाला डोशाच्या दुकानाला त्याचा उपयोग नाही.

थाई भागधारक नावापुरते असतील, म्हणजे त्यांनी स्वतःचा पैसा न घालता परदेशी माणसासाठी समभाग धरून ठेवले असतील, तर तो या कायद्याच्या ३६ व्या कलमाखाली गुन्हा ठरतो, आणि त्यासाठी ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख ते १० लाख बात दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ही शिक्षा परदेशी मालकाला आणि नाव देणाऱ्या थाई माणसाला, दोघांनाही लागू आहे. हिशेबाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की भागधारकांची यादी, प्रत्येकाने भरलेली रक्कम आणि ती कुठून आली याचा पुरावा हे सर्व कंपनीच्या दप्तरात पहिल्या दिवसापासून नीट असावे लागते. कंपनी नोंदवून देणारा मध्यस्थ थाई भागधारकही ‘उपलब्ध करून’ देत असेल, तर त्याचे स्वस्त शुल्क पुढे सर्वांत महाग पडण्याचा धोका असतो.

कंपनी हे रूप एकदा घेतले की तिच्यामागे २००० चा लेखाकर्म कायदा येतो. त्यानुसार प्रत्येक मर्यादित कंपनीने पात्र लेखापालाकडून कीर्द-खतावणी ठेवून घ्यावी लागते, वर्षअखेर ताळेबंद व नफातोटा पत्रक तयार करावे लागते, आणि ते नोंदणीकृत लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावे लागते. लेखापाल म्हणजे रोजच्या नोंदी करणारा आणि विवरणपत्रे भरणारा. लेखापरीक्षक म्हणजे त्या नोंदी खऱ्या आणि नियमांना धरून आहेत की नाहीत यावर स्वतंत्रपणे मत देणारा. ही दोन माणसे वेगळी असावी लागतात, म्हणून शुल्कही दोन ठिकाणी द्यावे लागते. ठरावीक मर्यादेखालील नोंदणीकृत भागीदाऱ्यांना लेखापरीक्षणात सवलत आहे, पण मर्यादित कंपनीला नाही. तिची उलाढाल शून्य असली तरी लेखापरीक्षण चुकत नाही. भारतातही प्रत्येक प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला सनदी लेखापालाचे लेखापरीक्षण सक्तीचे असल्याने मराठी वाचकाला हे अपरिचित वाटणार नाही, मात्र ठाण्यातील किंवा कोल्हापुरातील खानावळवाल्याला कंपनी काढण्याची सक्ती नसते, आणि थायलंडमधील परदेशी माणसासाठी ती जवळपास सक्तीच असते.

लेखापाल कोण असावा याबाबतही कायद्याच्या अटी आहेत. तो थायलंडमध्ये राहणारा, थाई भाषा जाणणारा, आवश्यक शिक्षण घेतलेला आणि व्यवसाय विकास विभागाकडे नोंद असलेला असावा लागतो. हिशेबाची पुस्तके थाई भाषेत, किंवा अन्य भाषेत असल्यास थाई भाषांतरासह ठेवावी लागतात, आणि ती किमान ५ वर्षे जपावी लागतात. म्हणून पुण्यात वाणिज्य शाखेची पदवी घेतलेला आणि स्वतःचे हिशेब उत्तम लिहू शकणारा उद्योजकही हे काम स्वतः करू शकत नाही. सरकारी कागदांवरचे वर्ष बौद्ध शकाचे असते, जे इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे चालते, त्यामुळे २०२५ च्या ताळेबंदावर २५६८ असा आकडा दिसतो. संचालक म्हणून ज्या कागदावर परदेशी माणूस सही करतो तो त्याला बहुधा वाचता येत नाही, आणि तरीही त्यातील मजकुराची जबाबदारी त्याची असते. इंग्रजीत समजावून सांगणारी लेखासंस्था अधिक शुल्क घेते यात आश्चर्य नाही, आणि हे जादा शुल्क उधळपट्टी मानणे चुकीचे ठरेल.

शुल्क ठरते ते मुख्यतः महिन्याला किती कागद हाताळावे लागतात, किती कर्मचारी आहेत आणि कंपनी मूल्यवर्धित करासाठी नोंदवलेली आहे की नाही यावर. छोट्या कंपनीसाठी ते महिन्याला काही हजार बात असते आणि वर्षअखेरचे लेखापरीक्षण त्यात सहसा धरलेले नसते. उदाहरणादाखल मासिक ५ हजार आणि लेखापरीक्षणाचे २० हजार बात धरले, तर वर्षाला ८० हजार बात होतात. वर सांगितलेल्या ५ लाख नफ्याच्या खानावळीला कर ३० हजार पडत होता, म्हणजे हिशेबाचा खर्च कराच्या अडीच पटीहून अधिक झाला. नफा ३ लाखांवर आला की कर शून्य होतो, ८० हजार मात्र तसेच राहतात. याशिवाय सहामाही विवरणपत्र, नव्या कर्मचाऱ्याची सामाजिक सुरक्षा नोंदणी, पत्ता बदलल्याची नोंद, व्हिसासाठी लागणाऱ्या प्रमाणित प्रती अशा कामांचे वेगळे पैसे लावले जातात. पहिले कंत्राट करताना मासिक आकड्याहून ‘यात काय धरलेले नाही’ हे विचारणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे आहे.

एक बारीक बाब बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. कंपनीचे पहिले हिशेबी वर्ष १२ महिन्यांपेक्षा मोठे असू शकत नाही, पण लहान असू शकते. नोव्हेंबरात नोंदवलेल्या कंपनीने ३१ डिसेंबर हा वर्षअखेरचा दिवस निवडला तर दोन महिन्यांच्या, बहुधा विक्रीशून्य, काळासाठी संपूर्ण लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. नोंदणीच्या वेळीच वर्षअखेरीचा दिवस विचारपूर्वक निवडला तर हा एक वर्षाचा खर्च टळतो.

आता कामाच्या परवान्याकडे वळावे लागते, कारण हिशेबाचा खर्च आणि परवाना यांची गाठ तिथे पडते. परदेशी माणसाला स्वतःच्या कंपनीत काम करण्यासाठीही परवाना लागतो, आणि सर्वसाधारण कंपनीसाठी प्रचलित अट अशी आहे की एका परदेशी माणसामागे २० लाख बातचे भरणा झालेले भागभांडवल असावे आणि व्हिसाची वार्षिक मुदतवाढ हवी असेल तर चार थाई कर्मचारी पूर्णवेळ कामावर असावेत. त्याखेरीज इमिग्रेशन विभागाच्या २०१४ च्या आदेशाने परदेशी माणसाचा किमान मासिक पगार त्याच्या राष्ट्रीयत्वानुसार ठरवून दिला आहे: पश्चिम युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जपान येथील नागरिकांसाठी ५० हजार बात, आणि भारतासह बहुतेक आशियाई देशांच्या नागरिकांसाठी ३५ हजार बात. दुकानातून प्रत्यक्षात तेवढे पैसे घरी नेता आले नाहीत तरी पगार तेवढा दाखवावा लागतो आणि त्यावरचा कर भरावा लागतो. हा कर स्वतः जड नसतो. ३५ हजारांच्या पगारावर, खर्चाची १ लाख बातची आणि स्वतःसाठीची ६० हजार बातची वजावट घेऊन, पहिले दीड लाख बात करमुक्त असल्यामुळे वर्षाला साधारण ५ हजार बात होतो, आणि ५० हजारांच्या पगारावर साधारण २० हजार.

जड असतो तो चार कर्मचाऱ्यांचा पगार. प्रत्येकी १३ हजार बात धरले तर वर्षाला ६ लाख २४ हजार होतात. सामाजिक सुरक्षा निधीत कर्मचारी आणि मालक यांनी प्रत्येकी पगाराच्या ५ टक्के भरायचे असतात. त्यासाठी धरायच्या पगाराची कमाल मर्यादा अनेक वर्षे १५ हजार बात होती, त्यामुळे मालकाचा हिस्सा माणशी जास्तीत जास्त ७५० बात होई. वरच्या चौघांसाठी मालकाचा वाटा वर्षाला ३१ हजारांच्या घरात जातो. मालकाचा स्वतःचा किमान पगार ४ लाख २० हजार आणि हिशेबाचे ८० हजार मिळवले की साडेअकरा लाख बातपेक्षा अधिक खर्च दुकानाचे भाडे, भाजी, तेल आणि गॅस यांच्या आधीच उभा राहतो. याचा आणखी एक परिणाम होतो. वर्षाची विक्री १८ लाख बातच्या पुढे गेली की मूल्यवर्धित करासाठी ३० दिवसांत नोंदणी करावी लागते. दिवसाला ५ हजार बातचा गल्ला ही मर्यादा ओलांडतो. थाई बाईचा गाडा कित्येक वर्षे या मर्यादेखाली राहू शकतो, पण परदेशी माणसाच्या खानावळीने भाडे आणि माल यांचा खर्च भरून काढायचा असेल तर तिला ती ओलांडावीच लागते. परवान्याच्या अटी त्याला कर्मचारी ठेवायला लावतात, कर्मचारी विक्री वाढवायला लावतात, आणि विक्री त्याला आणखी एका मासिक विवरणपत्राच्या कक्षेत आणून सोडते.

थायलंडमध्ये मूल्यवर्धित कर १९९२ मध्ये ७ टक्क्यांनी सुरू झाला, १९९७ च्या आर्थिक संकटात १० टक्के झाला, आणि १९९९ पासून तो पुन्हा ७ टक्क्यांवर आहे. कायद्यातील दर १० टक्केच असून सवलतीची मुदत वेळोवेळी वाढवली जाते. नोंदणीनंतर विक्रीवर घेतलेला कर आणि खरेदीवर दिलेला कर यांतील फरक पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, इंटरनेटवरून भरल्यास २३ तारखेपर्यंत, ‘पीपी ३०’ या विवरणपत्राने भरायचा असतो. विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावेच लागते. खानावळीची अडचण अशी की ताजी भाजी, मासळी आणि मांस बाजारातल्या ज्या विक्रेत्यांकडून घेतले जाते त्यांच्याकडून या कराचे बीजक मिळत नाही, कारण असा कच्चा माल या करातून मुक्त आहे. त्यामुळे विक्रीवर ७ टक्के द्यायचे आणि खरेदीवरची वजावट जवळपास नाही, अशी स्थिती होते. मेन्यूवरचे भाव ठरवताना ज्याने हा हिशेब केलेला नसतो, त्याचा नफा याच फटीतून निसटतो.

दुसरे मासिक काम म्हणजे उद्गम करकपात. भारतातील टीडीएसशी परिचित असलेल्यांना ही पद्धत लगेच समजेल: ठरावीक प्रकारचे पैसे देताना कंपनीने त्यातून कर कापून घ्यायचा, पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, किंवा इंटरनेटवरून १५ तारखेपर्यंत, सरकारात भरायचा आणि ज्याचा कर कापला त्याला प्रमाणपत्र द्यायचे. सेवांवर साधारणतः ३ टक्के, जाहिरातीवर २ टक्के, वाहतुकीवर १ टक्का आणि भाड्यावर ५ टक्के असे दर आहेत. लेखासंस्थेला दिलेल्या शुल्कातूनसुद्धा ३ टक्के कापावे लागतात. कागदावर हा कर समोरच्या माणसाचा आहे, व्यवहारात मात्र तो अनेकदा परदेशी भाडेकरूवर येतो. घरमालक सांगतो की त्याला हातात २० हजार बात पूर्ण हवेत. मग भाडे २१,०५३ बात धरून त्यावरचे १,०५३ बात भाडेकरूच भरतो. करारात ही बाब आधी लिहून घेतली नाही तर वर्षाला बारा हजारांहून अधिक बातचा हा खर्च अचानक अंगावर येतो, आणि घरमालक स्वतःचे भाडे सरकारला दाखवायला तयार नसेल तर कंपनीला भाड्याचा खर्च हिशेबात धरणेही अवघड होते.

उशिरा भरलेल्या कराला महिन्याला दीड टक्का अधिभार लागतो आणि विवरणपत्रांच्या विलंबाचा दंड छोट्या कंपनीसाठी बहुधा काही शे बातचा असतो. दंड एवढा किरकोळ आहे म्हणून थाई व्यावसायिक कधी त्याकडे काणाडोळा करू शकतो. परदेशी माणसाला ते परवडत नाही. व्हिसाची मुदतवाढ मागताना इमिग्रेशन विभाग पगारावरच्या करकपातीची गेल्या काही महिन्यांची विवरणपत्रे, सामाजिक सुरक्षेच्या पावत्या, मूल्यवर्धित कराची विवरणपत्रे, वर्षाचे आयकर विवरणपत्र, तपासलेला ताळेबंद आणि भागधारकांची ताजी यादी मागतो. त्यातील एखादा कागद नसला, कर्मचाऱ्यांची संख्या एका महिन्यात चारावरून तिनावर आली, किंवा ताळेबंद सतत तोटा दाखवत राहिला, तर प्रश्न दंडाचा न राहता देशात राहण्याच्या हक्काचा होतो, आणि त्या हक्कावर पत्नीचा व्हिसा आणि मुलांची शाळाही अवलंबून असते. थाई दुकानदाराचा लेखापाल कर वाचवण्यासाठी असतो. परदेशी दुकानदाराचा लेखापाल त्याचा मुक्काम सांभाळत असतो. दोघांच्या शुल्काची तुलना करताना हा भेद विसरला जातो आणि सर्वांत स्वस्त लेखापाल निवडला जातो, ही परदेशी व्यावसायिकांच्या अनुभवातली वारंवार दिसणारी आणि खेदाची गोष्ट आहे.

स्वस्त सेवेचे दुष्परिणाम जिथे साठत जातात ते ठिकाण म्हणजे ताळेबंदातील ‘संचालकाला दिलेले कर्ज’ ही नोंद, आणि तिच्याकडे जरा थांबून पाहणे आवश्यक आहे. परवान्यासाठी २० लाख बातचे भागभांडवल भरल्याचे कागदावर दाखवले जाते, पण प्रत्यक्षात ते पैसे कंपनीच्या खात्यात आलेले नसतात, किंवा येऊन लगेच काढून घेतलेले असतात. ताळेबंदाच्या एका बाजूला २० लाखांचे भांडवल लिहिले की दुसऱ्या बाजूला तेवढ्याच रकमेची मालमत्ता दाखवावी लागते. दुकानात फ्रीज, शेगड्या आणि टेबले मिळून ४ लाखांची असतील तर उरलेले १६ लाख कुठे आहेत, या प्रश्नाला लेखापरीक्षकाला उत्तर द्यावे लागते. तेवढी रोकड तिजोरीत आहे असे लिहिणे फार काळ टिकत नाही, म्हणून लेखापाल ती रक्कम संचालकाला कर्ज म्हणून दिल्याची नोंद करतो. पावती नसलेला प्रत्येक खर्च, कंपनीच्या कार्डावर झालेली घरगुती खरेदी, मायदेशी पाठवलेले पैसे हे सर्व मग त्याच नोंदीत जमा होत जाते.

महसूल विभागाच्या दृष्टीने कंपनीने कोणालाही फुकट कर्ज देणे मान्य नसते, त्यामुळे या रकमेवर बाजारभावाने व्याज मिळाल्याचे धरले जाते. १६ लाखांवर ५ टक्के धरले तर ते वर्षाला ८० हजार होते. ते कंपनीच्या करपात्र नफ्यात मिळवले जाते आणि शिवाय त्यावर विशेष व्यवसाय कर, म्हणजे मूल्यवर्धित कराच्या कक्षेबाहेर राहिलेल्या व्याजासारख्या उत्पन्नावरचा कर, स्थानिक कर धरून ३.३ टक्के दराने लागतो. वर्षागणिक ही रक्कम फार नसली तरी कर्जाची रक्कम वाढतच राहते, आणि कायद्याने तो संचालक स्वतःच्याच कंपनीचा खरोखरचा देणेकरी असतो. भागीदाराशी वाद झाला, कंपनी विकायची वेळ आली किंवा ती बंद करायची ठरली, की हे कागदावरचे कर्ज वसूल करण्यायोग्य ठरते. थाई भागधारकाने ते मागितले तर ‘हे पैसे मी कधी घेतलेच नव्हते’ असे म्हणायला संचालकाकडे आधार उरत नाही, कारण त्याने दरवर्षी त्या ताळेबंदावर सही केलेली असते. भांडवल खरोखर भरणे, ते कंपनीच्या खात्यातूनच खर्च करणे आणि प्रत्येक खर्चाला कंपनीच्या नावाचे, १३ अंकी करक्रमांकाचे बीजक घेणे, एवढीच काळजी पहिल्या महिन्यापासून घेतली तर ही नोंद निर्माणच होत नाही.

चार कर्मचाऱ्यांच्या अटीबाबतही असाच एक मोह असतो. कामावर नसलेल्या माणसांची नावे पगारपत्रकात घालून त्यांचा सामाजिक सुरक्षा निधी भरत राहण्याची सोय काही मध्यस्थ करून देतात, आणि पूर्ण पगारापेक्षा ते स्वस्त पडते. पण खोट्या पगारपत्रकाने नफ्यातून वजावट घेतली जात असल्याने ती करचुकवेगिरीही होते, आणि इमिग्रेशनचे अधिकारी दुकानाला प्रत्यक्ष भेट देतात तेव्हा चौघेही तिथे असावे लागतात.

नफा हाती घेण्याचा मार्गही हिशेबात धरायला हवा. कंपनीने कर भरून उरलेला नफा लाभांश म्हणून वाटला तर त्यातून १० टक्के कर कापला जातो, आणि प्रत्येक वाटपाच्या वेळी नफ्याचा किमान विसावा भाग राखीव निधीत टाकावा लागतो, जोपर्यंत तो निधी भांडवलाच्या दहाव्या भागाइतका होत नाही. लाभांश भागधारणेप्रमाणे जातो, म्हणजे सर्वसाधारण समभाग असतील तर ५१ टक्के थाई भागधारकांकडे. त्यामुळे छोटा व्यावसायिक बहुधा पगार वाढवून पैसे घेणे पसंत करतो, कारण पगार हा कंपनीचा खर्च धरला जातो आणि वैयक्तिक करदराच्या खालच्या पायऱ्या सौम्य आहेत. ५ टक्क्यांपासून सुरू होणारा हा दर वरच्या टोकाला ३५ टक्क्यांपर्यंत चढतो.

वर्षातून १८० दिवस थायलंडमध्ये राहणारा माणूस तिथला करनिवासी ठरतो, आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशातील उत्पन्न त्याने थायलंडमध्ये आणले तर ते ज्या वर्षी आणले त्या वर्षी करपात्र होते. नाशिकच्या सदनिकेचे भाडे किंवा मुंबईतील ठेवींचे व्याज बँकॉकला मागवून धंद्यात घालणाऱ्या मराठी माणसाला हा नियम थेट लागू होतो. एकाच उत्पन्नावर दोन्हीकडे पूर्ण कर लागू नये यासाठी भारत आणि थायलंड यांच्यात २०१५ चा करार आहे, पण त्याचा लाभ मिळवण्यासाठी एका देशात भरलेल्या कराचे पुरावे दुसऱ्या देशात मांडावे लागतात, आणि मग दोन देशांतल्या दोन सल्लागारांचे शुल्क येते. भारतात राहूनच थायलंडच्या कंपनीत पैसे गुंतवणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या परदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या उदारीकृत प्रेषण मर्यादेत, बँकेमार्फत गुंतवणुकीची नोंद करावी लागते आणि त्यानंतर कंपनीच्या कामगिरीचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. काही वर्षांनी कायमचा परत आलेला माणूस भारताचा सामान्य निवासी झाला की थायलंडमधील समभाग आणि बँक खाती त्याच्या भारतीय विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावी लागतात. ती दडवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

परत येणाऱ्यांपैकी बरेच जण दुकान विकतात किंवा कुलूप लावतात आणि कंपनी तशीच सोडून देतात. व्यवहार थांबले तरी कंपनी कायद्याने जिवंत असते, तिचे वार्षिक लेखापरीक्षण, आयकर विवरणपत्र आणि भागधारकांची यादी यांची मुदत दरवर्षी येतच राहते, आणि न भरलेल्या प्रत्येक वर्षाचा दंड कंपनीबरोबर संचालकावरही चढतो. रीतसर बंद करायची तर भागधारकांचा विशेष ठराव, वृत्तपत्रातील सूचना, विसर्जनाची नोंदणी, त्या दिवसापर्यंतच्या हिशेबाचे पुन्हा एक लेखापरीक्षण, मूल्यवर्धित कराची नोंदणी रद्द करणे आणि महसूल विभागाने मागील वर्षांची कागदपत्रे तपासणे, इतके टप्पे पार करावे लागतात. या तपासणीत संचालकाचे कर्ज, हरवलेली बीजके, न कापलेला भाड्यावरचा कर यांतील प्रत्येक गोष्ट समोर येते. नोंदणीसाठी सल्लागाराला दिलेल्या शुल्कापेक्षा विसर्जनाचे शुल्क अधिक असते आणि काम महिनोन्‌महिने चालते, म्हणून थायलंडमध्ये छोटा व्यवसाय सुरू करताना जी रक्कम हाताशी ठेवायची तिच्यात किमान एका वर्षाचा हिशेबाचा खर्च आणि कंपनी बंद करण्याचा खर्च हे दोन्ही पहिल्याच दिवशी वेगळे काढलेले असावेत.